स्वस्तातला वेग, स्वस्तातले आकाश

मराठी वाचनाचा इतिहास लिहिणाऱ्याला एक अडचण नेहमी येते. ज्या पुस्तकांवर समीक्षा लिहिली गेली आणि जी पुस्तके प्रत्यक्षात हातोहात फिरली, त्यांच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. वाचनालयांतून त्या झिजेपर्यंत वाचल्या गेल्या, पण वाङ्मयेतिहासाने त्यांना दिलेली जागा या वाचकसंख्येच्या मानाने फारच थोडी आहे. जेमतेम पन्नाशी ओलांडलेल्या व्हिडिओ गेम या माध्यमातही आता हीच दरी दिसू लागली आहे. या माध्यमाचे इतिहास लिहिले जातात ते मोठ्या खर्चाच्या, गाजलेल्या, पुरस्कारप्राप्त खेळांचे. दुकानातल्या खालच्या फळीवर, मूळ किमतीच्या चौथाई-पाचवाई दरात विकल्या गेलेल्या खेळांना त्यात तळटीपही मिळत नाही.

या खालच्या फळीवर दोन प्रकारांची गर्दी कायम राहिली आहे. एक, गाड्यांच्या शर्यती. दोन, विमानांच्या हवाई लढाया. हे दोनच प्रकार स्वस्तात इतके का निघाले, त्यांतले चांगले खेळ नजरेआड का राहिले आणि ते आज शोधण्याला काही अर्थ आहे का, हे या लेखात पाहायचे आहे.

एक पौंड नव्व्याण्णव पेन्स

स्वस्त खेळांचा व्यवसाय पद्धतशीरपणे उभा राहिला तो ब्रिटनमध्ये. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे झेडएक्स स्पेक्ट्रम, कमोडोर ६४ असे घरगुती संगणक मध्यमवर्गीय घरांत पोहोचले होते. त्यांवरचे खेळ साध्या ऑडिओ कॅसेटवर मिळत आणि टेपरेकॉर्डर जोडून, काही मिनिटे कर्कश आवाज ऐकत संगणकात भरावे लागत. नव्या खेळाची किंमत साधारण आठ-दहा पौंड असे. शाळकरी मुलाच्या खिशाला ती परवडणारी नव्हती.

१९८३ मध्ये स्थापन झालेल्या मास्टरट्रॉनिक या कंपनीने हे गणित उलटे केले. तिने खेळाची किंमत ठेवली १.९९ पौंड आणि विक्रीसाठी संगणकाच्या दुकानांपुरते न थांबता वर्तमानपत्रांचे विक्रेते, कोपऱ्यावरची वाणसामानाची दुकाने आणि पेट्रोल पंप गाठले. म्हणजे आपल्याकडे एसटी स्थानकावरच्या पुस्तकांच्या गाड्याने जे काम केले, तेच काम तिथे या दुकानांनी केले. घेणारा आधी ठरवून येत नव्हता. दुसरेच काही घ्यायला आलेला असताना समोर दिसले आणि खिशातल्या सुट्या पैशांत बसले, म्हणून तो घेत होता.

मास्टरट्रॉनिकने १९८५ मध्ये ‘किकस्टार्ट’ नावाचा मोटारसायकलचा खेळ काढला. तो शॉन सदर्न या प्रोग्रॅमरने लिहिला होता. बीबीसीवरच्या मोटारसायकल स्पर्धेच्या एका कार्यक्रमाचा आधार त्याला होता. पडदा आडवा दुभागलेला, वर एक स्वार आणि खाली दुसरा. समोरून टायर, कुंपणे, उतार, फाटके येत. खेळाची गंमत अशी की केवळ वेगाने जाऊन भागत नसे. काही अडथळे सावकाश ओलांडावे लागत, काहींवरून पुढचे चाक उचलून जावे लागे, काहींवर पूर्ण वेगाने झेप घ्यावी लागे. पुढे काय येते आहे हे पाहून वेग ठरवायचा, इतकीच कल्पना. पण ती पूर्णपणे तडीस नेलेली होती. दोन वर्षांनी आलेल्या दुसऱ्या भागात तर खेळणाऱ्याला स्वतःचा मार्ग रचण्याची सोयही होती.

मास्टरट्रॉनिकसाठी खेळ लिहिणाऱ्यांत रिचर्ड आणि डेव्हिड डार्लिंग हे दोन तरुण भाऊ होते. १९८६ मध्ये त्यांनी स्वतःची कोडमास्टर्स ही कंपनी काढली. ‘बीएमएक्स सिम्युलेटर’, ‘ग्रां प्री सिम्युलेटर’, ‘जेट बाइक सिम्युलेटर’ अशी नावे त्यांनी आपल्या स्वस्त खेळांना दिली. यांपैकी एकही खेळ खऱ्या अर्थाने सिम्युलेटर नव्हता. वरून दिसणाऱ्या छोट्या मार्गावर छोट्या गाड्या फिरत, एवढेच. पण त्या शब्दाला वजन होते आणि दोन पौंडांत वजनदार काही मिळाल्याचा आनंद गिऱ्हाइकाला होई. हवाई लढाईच्या फळीवरही त्यांनी १९८९ मध्ये ‘मिग-२९ सोव्हिएट फायटर’ आणला.

यानंतरचा इतिहास फारसा कोणी जोडून सांगत नाही. हीच कोडमास्टर्स पुढे ‘मायक्रो मशीन्स’, १९९८ चा ‘कॉलिन मॅक्रे रॅली’, ‘डर्ट’, ‘ग्रिड’ आणि २००९ पासून फॉर्म्युला वनचे अधिकृत खेळ काढणारी कंपनी झाली. २०२१ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने ती सुमारे १२० कोटी डॉलरना विकत घेतली. शर्यतीच्या खेळांतील सर्वांत नावाजलेल्या कंपन्यांपैकी एकीचे शिक्षण दोन पौंडांच्या कॅसेटवर झाले होते.

रस्ता आणि आकाश स्वस्त का पडतात

कमी पैशांत खेळ करणारे पुन्हा पुन्हा रस्त्याकडे आणि आकाशाकडेच का वळले, याची कारणे तांत्रिक आहेत आणि ती समजून घेण्यासारखी आहेत.

खेळात माणूस दाखवणे महाग असते. त्याला हात-पाय असतात, तो चालतो, वळतो, पायऱ्या चढतो, आणि प्रत्येक हालचाल वेगळी रेखाटावी लागते. शिवाय माणूस चालताना जराही खोटा वाटला तर आपल्या डोळ्यांना ते लगेच कळते. गाडी आणि विमान मात्र एकसंध वस्तू आहेत. ती कलतात, वळतात, पण त्यांना गुडघे नाहीत.

दुसरे कारण जागेचे. शर्यतीत खेळणाऱ्याला एका लांबट बोळातून जायचे असते. मागे वळून शहर धुंडाळायचे नसते. नामकोच्या १९८२ च्या ‘पोल पोझिशन’पासून आणि सेगाच्या १९८६ च्या ‘आउटरन’पासून वापरात असलेली एक युक्ती पाहा. पडदा आडव्या रेषांचा बनलेला असतो. तळाच्या रेषेवर रस्ता रुंद काढायचा, वरच्या प्रत्येक रेषेवर थोडा अरुंद करत क्षितिजाशी टोक करायचे, की लांबवर जाणारा रस्ता दिसतो. त्याच रेषा क्रमाने डावीकडे सरकवल्या की वळण येते, जवळ दाबल्या की चढ येतो. रस्त्याच्या कडेचे पट्टे आलटून पालटून गडद-फिकट केले की वेग वाटतो. या सगळ्यात खरी त्रिमिती कुठेच नाही. दुबळ्या संगणकालाही हे झेपते.

आकाश तर त्याहून सोपे. तिथे भिंती नाहीत, झाडे नाहीत, धडकायला काही नाही. खाली जमिनीचा किंवा समुद्राचा एक पट अंथरायचा आणि दूरचे झाकायला धुके किंवा ढग आणायचे. शत्रूचे विमान लांबून एक ठिपका असते, म्हणून त्याचा तपशीलही फार लागत नाही. क्षेपणास्त्र सोडले की बहुतेक काम धुराची रेघ आणि एक आवाज करतो.

म्हणून रस्ता आणि आकाश उभे करायला स्वस्त. पण इथेच एक मेख आहे. जे स्वस्तात मिळते ते सर्वांनाच मिळते. उरलेली गोष्ट, म्हणजे चालवताना हाताला काय वाटते, ती विकत मिळत नाही. वळणावर मागची चाके किती घसरावीत, ब्रेक दाबल्यावर गाडीचे नाक किती खाली जावे, विमान वर खेचताना वेग किती गळावा, शत्रू पाठीशी लागल्यावर खेळणाऱ्याची नजर कुठे ठेवावी, हे आकडे कोणीतरी पुन्हा पुन्हा खेळून, बदलून, पुन्हा खेळून ठरवावे लागतात. मोठ्या खर्चाचा खेळ या जागी चुकला तरी देखावे, संगीत, चित्रफिती त्याला तारून नेतात. स्वस्त खेळाला असा आडोसा नसतो. तो पहिल्या वळणावरच आपली लायकी सांगून टाकतो.

तळ आणि त्याच्या थोडे वर

हा आडोसा नसल्याचा सर्वांत कुप्रसिद्ध दाखला म्हणजे २००३ चा ‘बिग रिग्ज : ओव्हर द रोड रेसिंग’. मालट्रकच्या शर्यतीचा हा अमेरिकी खेळ अर्धवट अवस्थेतच बाजारात आला. ट्रक इमारतींतून आरपार जातो, उभा डोंगर सपाट रस्त्यासारखा चढतो, आणि उलटा चालवला तर त्याचा वेग अमर्याद वाढत राहतो. प्रतिस्पर्धी ट्रक सुरुवातीच्या रेषेवरून हलतच नाही. पुढे दुरुस्ती आली, तेव्हा तो हलू लागला, पण अंतिम रेषेच्या अलीकडे येऊन थांबू लागला. जिंकल्यावर पडद्यावर येणारे अभिनंदनाचे वाक्यही व्याकरणदृष्ट्या चुकलेले होते. समीक्षांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर त्याला शंभरपैकी आठ गुण आहेत. स्वस्त खेळ म्हटला की हाच खेळ उदाहरणादाखल पुढे केला जातो आणि त्याच्या छायेत बाकीची फळी न पाहताच निकालात निघते.

त्या फळीवर इतरही बरेच काही होते. नेदरलँड्समधील डाव्हिलेक्स या कंपनीने १९९७ मध्ये ‘ए२ रेसर’ काढला. ए२ हा तिथला ॲमस्टरडॅमहून दक्षिणेकडे जाणारा महामार्ग. खेळ म्हणून तो सामान्यच होता. पण परदेशी स्पर्धांचे झगमगीत मार्ग सोडून आपल्या रोजच्या वाहतूक कोंडीच्या रस्त्यावर बेफाम गाडी हाकण्याची कल्पना डच लोकांना आवडली. कंपनीने हीच कल्पना देशोदेशी नेली. जर्मनीत ‘आउटोबान राझर’, ब्रिटनमध्ये ‘लंडन रेसर’, फ्रान्समध्ये पॅरिस ते मार्सेय. जर्मन खेळ इतका परिचित झाला की २००४ मध्ये त्याच नावाचा विनोदी चित्रपटही निघाला. समीक्षकांनी या मालिकेला झोडपले ते योग्यच. पण स्थानिक भूगोल हे किती मोठे आकर्षण असू शकते, हे मोठ्या कंपन्यांच्या आधी या स्वस्त मालिकेने ओळखले होते.

जपानमध्ये डी३ पब्लिशरने १९९८ मध्ये प्लेस्टेशनसाठी ‘सिंपल १५००’ ही मालिका सुरू केली. प्रत्येक खेळ दीड हजार येनना. पहिल्या अंकाचे नाव होते ‘द माहजाँग’. नावे अशीच असत, ज्याचा खेळ त्याचे नाव. शंभराहून अधिक अंक निघाले आणि पुढे प्लेस्टेशन २ साठी दोन हजार येनांची मालिका आली. बरेचसे अंक विसरण्याजोगेच होते. पण त्याच मालिकेत २००३ मध्ये सँडलॉट या छोट्या संस्थेचा ‘द चिक्यू बोएइगुन’, म्हणजे पृथ्वी संरक्षण दल, आला. राक्षसी मुंग्या आणि तबकड्यांशी लढण्याचा हा खेळ. त्याच्या पुढच्या भागात पाठीवर उड्डाणयंत्र बांधलेली योद्धाही आली. या मालिकेचे भाग आजही पूर्ण किमतीला निघतात. दोन हजार येनांच्या ढिगात ते बीज कोणी पाहिले नसते तर ही मालिका घडलीच नसती.

नाव पुसलेले खेळ

आपल्याकडे या प्रकारांची ओळख फळीवरून झाली नाही. ती झाली १९९० च्या दशकातल्या टीव्ही गेममुळे. निन्टेंडोच्या फॅमिकॉम यंत्राच्या बहुतेक विनापरवाना नकला तेव्हा मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावांपर्यंत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळत. त्यांच्या कॅसेटवर हजारो, कधी लाखो खेळ असल्याचा दावा छापलेला असे आणि यादी उघडली की तेच दहा-वीस खेळ फिरून फिरून येत.

त्यांत कोनामीचा ‘रोड फायटर’ जवळपास हमखास असे. इंधन सतत संपत चाललेले, दुसऱ्या गाडीचा धक्का लागला की गाडी गरगरत कडेला, आणि रंगीबेरंगी गाडी गाठली की थोडे इंधन. न धडकता बराच वेळ गेले की कडेने एक उडता वीर जाई. आपल्या मुलांनी त्याला सुपरमॅन ठरवले. तो खरे तर कोनामीचा स्वतःचा कोनामी मॅन होता. याच कॅसेटींवर निन्टेंडोचा ‘एक्साइटबाइक’ असे, टायटोचा १९८५ चा ‘स्काय डिस्ट्रॉयर’ असे. या शेवटच्या खेळात दुसऱ्या महायुद्धातील जपानी झीरो विमान मागून दिसते आणि समुद्रावरून नीच पातळीवर उडत शत्रूच्या विमानांशी व जहाजांशी लढते.

हे मूळचे स्वस्त खेळ नव्हते. चोरट्या बाजाराने त्यांना स्वस्त केले आणि तसे करताना अनेकदा शीर्षकाचा पडदा, कंपनीचे नाव, साल हे सारे काढून टाकले. त्यामुळे एका संपूर्ण पिढीला हे खेळ पाठ आहेत, पण ते कोणी केले, केव्हा केले, हे तिला ठाऊक नाही. लोकगीतासारखी त्यांची अवस्था झाली. चाल सर्वांना येते, कर्ता कोणालाच माहीत नाही. आपल्या बाजूने शोध घ्यायचा तर पहिले काम हे कर्तेपण परत लावून देण्याचे आहे.

एक वंशावळ

असे कर्तेपण लावत गेले की काय हाती लागते, याचे उत्तम उदाहरण ‘किकस्टार्ट’चेच आहे. शॉन सदर्नने पुढे सहकारी अँड्र्यू मॉरिससह मॅग्नेटिक फील्ड्स या नावाने काम केले आणि १९९० मध्ये ‘लोटस एस्प्रिट टर्बो चॅलेंज’ हा खेळ लिहिला. त्याचे प्रकाशक होते ग्रेमलिन ग्राफिक्स. दुभागलेला पडदा इथेही होता. त्याचे संगीत बॅरी लीच या स्कॉटिश संगीतकाराचे होते. १९९२ मध्ये ग्रेमलिनने सुपर निन्टेंडोसाठी ‘टॉप गिअर’ केला. दुभागलेला पडदा तोच, आणि लीचच्या ‘लोटस’मधल्या धुनाही नव्या रूपात तिथे आल्या.

युरोप-अमेरिकेत ‘टॉप गिअर’ अनेकांपैकी एक ठरला. ब्राझीलमध्ये मात्र तो घरोघरी खेळला गेला. त्या पिढीतील मुले मोठी झाली आणि पोर्तो अलेग्री शहरातील अक्विरिस या संस्थेने २०१५ मध्ये मोबाइलसाठी ‘होरायझन चेस’ काढला. जुन्या रेषांच्या रस्त्याची आठवण करून देणारा, भडक सपाट रंगांचा, खऱ्या गाड्यांची नावे न घेता त्यांचे आकार सुचवणारा. संगीतासाठी त्यांनी बॅरी लीचलाच बोलावले.

दोन पौंडांच्या कॅसेटपासून ब्राझीलच्या मोबाइल खेळापर्यंतची ही तीस वर्षांची ओळ केवळ गाजलेले खेळ पाहणाऱ्याला दिसत नाही. तिच्या सुरुवातीचा दुवा खालच्या फळीवर आहे.

हवाई लढाईची गोष्ट थोडी वेगळी. या प्रकाराचा मानदंड म्हणजे नामकोची ‘एस कॉम्बॅट’ मालिका, जी १९९५ मध्ये प्लेस्टेशनवर आली. खऱ्या विमानाचे कॉकपिट शिकण्याची गरज नाही आणि तरी उड्डाणाचा थरार पुरा, असा तिचा तोल आहे. पण तिचा सहावा क्रमांक २००७ चा आणि सातवा थेट २०१९ चा. मधल्या काळात इतर भाग आले, तरी चाहत्यांची भूक भागली नाही. ती भागवायला छोटे हात पुढे आले. ‘स्काय रोग’ने मोजक्या कोनांची कागदी वाटावीत अशी विमाने आणि दर वेळी नव्याने रचली जाणारी बेटे दिली. नेदरलँड्सच्या टोमास साला यांनी जवळपास एकट्याने ‘द फाल्कनियर’ केला. त्यात विमानाच्या जागी महाकाय पक्षी आहे. ‘टायनी कॉम्बॅट अरेना’ने १९९० च्या दशकातील चित्रशैली मुद्दाम उचलली. आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये सेक्टर डी२ या मूठभर लोकांच्या संस्थेचा ‘प्रोजेक्ट विंगमन’ आला. लोकवर्गणीतून उभा राहिलेला हा खेळ त्याच्या मोठ्या पूर्वजाशेजारी ठेवला तर खर्चाचा फरक दिसतो, पण विमान वळवताना हाताला तो क्वचितच जाणवतो.

शोधायचे कसे

अशा ढिगात निवड करणाऱ्याला काही खुणा उपयोगी पडतात. पहिली, प्रतिस्पर्धी नसताना गाडी नुसती चालवून पाहावी. रिकाम्या रस्त्यावर पाच मिनिटे मन रमले तर खेळात काही आहे. विमानाच्या खेळात हीच कसोटी नुसत्या वळण्याची. दुसरी, निर्मात्याने थोडके पैसे कशावर खर्च केले ते पाहावे. मुखपृष्ठ चकचकीत आणि आतला मार्ग दोनच वळणांचा, तर पुढे जाऊ नये. देखावा दरिद्री पण दर गाडीचा स्वभाव वेगळा, तर थांबावे. तिसरी, नावावर जाऊ नये. स्वस्त खेळ अनेकदा देशागणिक नाव बदलतो आणि त्याची कीर्तीही सरहद्दीवर अडते. चौथी, खेळाच्या अखेरीस येणारी नामावली वाचावी. कोणी आधी काय केले आणि पुढे काय केले, हा माग तिथूनच लागतो.

उशीर होण्याआधी

हा शोध फावल्या वेळेचा छंद म्हणून सोडून देता येत नाही, याचे कारण काळ आहे. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासात असे आढळले की २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज कोणत्याही वैध दुकानात मिळत नाहीत. निन्टेंडोचे वी यंत्रावरचे दुकान २०१९ मध्ये आणि वी यू व थ्रीडीएस यांची दुकाने २०२३ मध्ये बंद झाली. केवळ तिथेच विकल्या गेलेल्या छोट्या खेळांचे कायदेशीर अस्तित्व त्याबरोबर संपले.

शर्यतीच्या खेळांवर यात दुहेरी संकट आहे. गाड्यांची नावे आणि गाणी ठरावीक मुदतीच्या परवान्यावर घेतलेली असतात. मुदत संपली की खेळच विक्रीतून काढला जातो. त्यातून आणखी पुढची पायरी युबीसॉफ्टच्या ‘द क्रू’ने दाखवली. २०१४ चा हा खेळ कंपनीच्या सर्व्हरशिवाय चालत नसे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेला खेळ लोकांच्या हातात निरुपयोगी झाला. याच घटनेतून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली. युरोपीय संघातील तिच्या नागरिक याचिकेने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला.

या प्रश्नात स्वस्त खेळाची गरिबी काही वेळा त्याच्या कामी येते. खऱ्या कंपन्यांची नावे घ्यायला पैसे नसतात, म्हणून ‘टॉप गिअर’मध्ये चार गाड्यांना कॅनिबल, साइडवाइंडर अशी मनगढंत नावे मिळाली आणि ‘प्रोजेक्ट विंगमन’मधले मिग ‘एमजी’ झाले. संपायला परवानाच नसतो. सर्व्हर चालवायला पैसे नसतात, म्हणून सगळा खेळ एका कॅसेटवर किंवा तबकडीवर मावलेला असतो. ती मिळाली की तो चालतो. स्पेक्ट्रम आणि कमोडोरच्या हजारो कॅसेटींवरचा आवाज हौशी संग्राहकांनी संगणकात उतरवून ठेवला, म्हणून ‘किकस्टार्ट’ आज चाळीस वर्षांनीही खेळता येतो. त्याहून कितीतरी तरुण आणि कितीतरी महाग ‘द क्रू’ मात्र त्याच्या निर्मात्यांनीच बंद केला.

पण कॅसेट वाचणे आणि खेळ समजणे वेगळे. तो कोणी, कोणत्या अडचणीत, कोणासाठी केला, हे सांगणारी माणसे आता साठीच्या आसपास आहेत. आपल्याकडच्या टीव्ही गेमच्या कॅसेटी माळ्यावरून रद्दीत चालल्या आहेत. त्या कोणत्या शहरातून येत, कोण विकत असे, यादीत कोणते खेळ असत, याची नोंद घेणारे संग्रहालय इथे नाही. पिवळ्या कागदावरच्या रहस्यकथांच्या बाबतीत आपण जागे झालो तेव्हा अनेक अंक मिळेनासे झाले होते. माळा आवरताना अशी एखादी कॅसेट हाती लागली तर टाकून देण्याआधी तिच्यावरची यादी तरी उतरवून ठेवावी.